खोबरेल प्यालेला तमंचा

मी एक जुना दिसणारा तमंचा आहे. दिसणारा म्हणतो, कारण मित्रांनो, माझा जन्म अवघा १९६० सालचा, इटलीतल्या एका कारखान्यातला. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा तमंच्याची मी हुबेहूब नक्कल. ज्याचा चेहरा मला मिळाला त्याला मी कधी पाहिलं नाही. तरी अधूनमधून माझ्या मुठीला कुणा मेलेल्या माणसाचा घाम जाणवतो. हसू नका. लोखंडालाही आठवणी असतात, आणि त्या स्वतःच्याच असतात असं नाही.

एका इटालियन इंजिनियरनं मला अरबी आखाताकडच्या खोर फक्कान बंदरात आणलं. त्याचा बंद पडलेला जनरेटर दाभोळच्या नूरुद्दीननं चालू करून दिला, म्हणून जाताना त्यानं मला बक्षीस देऊन टाकलं. नूरुद्दीन लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. मशीन म्हटलं की त्याची तहानभूक हरपायची.

माझ्या गोल चक्रात सहा कोठ्या. कोठीत आधी काळी दारू, वर शिशाची गोळी, मागे ठिणगी देणारी तांब्याची टोपी. गोळीच्या तोंडावर चरबी लिंपायची, नाहीतर एका कोठीची आग शेजारणीत शिरते. मी आलो तेव्हा अगदी ओबडधोबड होतो. घोडा जड, चक्र अडखळणारं. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की नूरुद्दीन सावलीत बसून बारीक दगडावर माझा एकेक सांधा घासायचा. तीन महिने घासलं बिचाऱ्यानं! शेवटी घोडा अलगद चढू लागला. "लोणी झालंय, लोणी!" तो बायकोला, खतीजाला, सांगत सुटला. इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

इंजिनियरनं चरबीचा डबाही ठेवला होता. नूरुद्दीननं तो हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "डुकराची! तौबा तौबा!" डबा गेला उकिरड्यावर. त्याऐवजी त्यानं दाभोळहून आलेलं घरचं खोबरेल घेतलं, त्यात थोडं मेण मिसळलं. जानेवारीच्या थंडीत ते छान पांढरं थिजलं. चार बार झाले, सगळे ठणठणीत. नूरुद्दीन खूश.

पण त्या वर्षी बकरी ईद मे महिन्यात आली.

ईदच्या सकाळी हौसेचे बार उडवायला त्यानं पाच कोठ्या भरल्या, सहावी रिकामी ठेवून तिच्यावर घोडा टेकवला, आणि मला किनाऱ्यावरच्या पालथ्या होडीवर ठेवलं. ऊन असं की होडीला हात लावता येईना. माझ्या पोटात कोमट ओघळ उतरू लागले. खोबरेल वितळून दारूत झिरपत होतं. मला कळत होतं. सांगू कुणाला?

"भाई, पहिला बार माझा!" धाकटा भाऊ मोहिद्दीन म्हणाला. त्यानं समुद्राकडे रोखून चाप ओढला. टोपी फुटली. बार काही उडाला नाही.

"खलास! मेला वाटतं," म्हणत त्यानं माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि आत डोकावला.

मी मेलो नव्हतो. तेलकट दारूत एक निखारा मुंगीच्या पावलांनी सरकत होता. नूरुद्दीननं पाहिलं, झेप घेतली, आणि उजवा तळहात माझ्या तोंडावर मारून मला बाजूला ढकललं. दोन कोठ्या एकदम उडाल्या. भावाचा डोळा वाचला. नूरुद्दीनची दोन बोटं गेली.

दवाखान्यात कण्हतानाही तो विचारत होता, "उरलेल्या तीन कोठ्या उपसल्यास ना रे? पाण्यात बुडवून?"

"हो भाई," मोहिद्दीन म्हणाला.

खोटारडा! मला शिवायची त्याची छाती झाली नव्हती. गोणपाटात गुंडाळून त्यानं मला पत्र्याच्या पेटीत कोंबलं होतं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकून लाँचवरच्या नोकरीला निघून गेला होता.

तीन वर्षं मी अंधारात होतो. गोणपाटानं हळूहळू माझं तेल शोषून घेतलं. दुपारी पत्रा तापला की मी टिकटिक वाजायचो. खतीजा दचकून कुराणातली आयतुल कुर्सी पढायची, पेटीवर फुंकर घालायची. "ह्यात काहीतरी आहे," म्हणायची. होतंच की. आत कुणीतरी सारखं मोजत होतं, एक, दोन, तीन. तो आवाज माझाच होता की ज्याचा चेहरा मला मिळाला त्याचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

मग मोहिद्दीन सुट्टीवर आला. आपले कागद काढायला त्यानं पेटी उघडली आणि उघडीच ठेवून चहाला गेला. नूरुद्दीनची आठ वर्षांची हमीदा पेटीपाशी आली. तिनं मला उचललं, माझ्या तोंडाला डोळा लावला, आणि दोन्ही अंगठ्यांनी घोडा चढवला. जराही जड गेला नाही. चक्र फिरलं, भरलेली कोठी समोर आली. खरं सांगतो मित्रांनो, लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला.

"असू दे गं, रिकामा आहे तो," पलीकडे चटईवर पडल्या पडल्या नूरुद्दीन हसून म्हणाला.

दारात मोहिद्दीन उभा होता. त्याच्या हातातला चहा सांडला. ओरडला असता तर पोर दचकली असती. तो पाय न वाजवता आला, तिचा डोळा आणि माझं तोंड यांच्यामध्ये आपला तळहात घातला.

"हमीदा बेटा, अंगठे तिथंच ठेव. घोडा मी धरतो. भरलेला आहे तो."

घोडा हळूच खाली आला. मग नूरुद्दीन उठून बसला.

"भरलेला?"

"मी घाबरलो होतो भाई. तुझी बोटं बघून घाबरलो, नंतर तुला सांगायला घाबरलो."

"तीन वर्षं माझी पोर ह्या पेटीवर बसून धडे वाचते आहे, मोहिद्दीन."

मोहिद्दीन हमसून हमसून रडू लागला. नूरुद्दीननं त्याला जवळ घेतलं नाही. त्यानं पाण्याची बादली आणून पुढ्यात ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारख्याला पुसा, तेल द्या, जपा. पण "रिकामा आहे" या शब्दावर कधी विसंबू नका, सांगणारा सख्खा भाऊ असला तरी. मी आता बादलीच्या तळाशी आहे. माझ्यातून बुडबुडे निघताहेत. वरून नूरुद्दीनचा आवाज येतो, "झाला का रिकामा?" मोहिद्दीन या खेपेला हो म्हणत नाही. तो बाही वर सारतो, पाण्यात हात घालतो आणि माझी एकेक कोठी बोटानं चाचपून पाहतो.