स्वतःच्या तोंडानं

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत लिफ्टचा मेन स्विच पाडून त्यानं त्यावर ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवली, पान्यांची पेटी पायानं बाजूला सरकवली आणि बादलीतल्या पाण्यात पुन्हा एकदा हात घासायला घेतले. साबणाच्या भुकटीनं तळवे स्वच्छ निघाले, पण नखांच्या कडेला वंगणाची काळी रेघ राहिलीच. तिच्याखाली पाणी पोचलं नसेल तर नमाजाआधीचा वजू झाला म्हणायचा की नाही, हे त्याला अजून धड कळत नव्हतं. त्यानं खिळ्याचं टोक घेऊन एकेक नख कोरलं. मग दाराला आतून कडी घातली, मोटरच्या मागं पुठ्ठा अंथरला आणि फोनमध्ये दिशा बघून उभा राहिला.

दुसऱ्यांदा वाकतो न वाकतो तोच खिशातला फोन थरथरायला लागला. थांबला. पुन्हा थरथरला. इतक्या चिकाटीनं फोन करणारी त्याच्या ओळखीत एकच व्यक्ती होती. त्याचं चित्त उडालं. आपण किती रकअती केल्या, कितव्यांदा वाकलो, हेच त्याला आठवेना. त्यानं सगळं पहिल्यापासून सुरू केलं, आणि पूर्ण होईपर्यंत पाठीला घामाची धार लागली.

मग त्यानं ताईला फोन लावला.

“होतास कुठं? बरं असू दे, ऐक. उद्या संध्याकाळी ती मंडळी येतायत. मुलगी, तिचे वडील आणि मावशी. मुलगी शाळेत शिकवते. तुझ्या बोलण्याचं मी आधीच कानावर घातलंय. काही हरकत नाही म्हणाले. माणसं भली वाटतात.”

“ता... ताई, म... मला जरा...”

“शर्टाचं ना? निळा घेऊन ये, मी इस्त्री फिरवते. आणि दाढी कर रे छोट्या. हल्ली काय ती वाढवून ठेवलीयस, आजारी दिसतोस.”

फोन बंद झाला. खरं तर तो बंद होण्याआधीच त्यानं तोंड मिटलं होतं. ती सवयच होती.

आई गेली तेव्हा तो शाळेत जायला लागला होता आणि ताई कॉलेजात. त्याची जीभ त्याआधीपासूनच अडायची. फळ्यासमोर उभं राहून तो एका अक्षरावर अडकला की वर्ग खिदळायचा. मग ताई शाळेत जाऊन मास्तरांशी भांडून आली. पुढं दवाखान्यात, दुकानात, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडं ताईच बोलली. लिफ्टच्या कंपनीतल्या साहेबाला तिनंच सांगितलं होतं, “त्याचे हात बोलतात, तुम्ही हातांना विचारा.” साहेब हसला आणि नोकरी मिळाली. ताई आता औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. अर्ध्या वाक्यावरून गिऱ्हाइकाचं दुखणं ओळखते. भावाच्या बाबतीत तर तिला अर्धं वाक्यही लागत नाही, पहिलं अक्षर पुरतं. ते बरोबरच निघतं असं नाही; पण चुकलं तरी तो मान डोलावतो. एवढं कोण खोदत बसणार?

चष्मेवाले चाचा भेटले तेही लिफ्टमुळंच. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. अडकलेली माणसं आतून लाथा मारतात, आईबापांचा उद्धार करतात. यानं दार हातभर फाकवून फटीत तोंड घातलं. ‘घाबरू नका’ म्हणायचं होतं, पण ‘घ’वरच गाडी अडली. आत एक म्हातारा चष्म्यांची पेटी मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला,

“सावकाश सांगा. मला तरी आता कुठं जायचंय?”

यानं ते वाक्य पूर्ण केलं. चाचांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाले, “नाही घाबरत.”

त्यानंतर तो त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागला. चाचा काचा घासत बोलत, हा ऐकत असे, आणि नवल म्हणजे कधीकधी बोलतही असे. शुक्रवारी चाचा दुकानाचं दार ओढून मशिदीत जात. एकदा हाही बाहेर पायरीवर जाऊन बसला. मग एकदा आत, अगदी मागच्या भिंतीपाशी. पुढं त्यानं प्रश्न विचारले, पुस्तकं नेली, परत आणली, पुन्हा नेली. आपण फक्त या म्हाताऱ्याच्या मायेपोटी ओढले जातोय का, असं वाटून मध्ये तो पुष्कळ दिवस तिकडं फिरकलाही नाही. पण त्या दिवसांत त्याला करमलं नाही ते चाचांवाचून नव्हे. सगळ्यांबरोबर कपाळ जमिनीला टेकतं त्या क्षणी जे वाटायचं, त्यावाचून. ते काय होतं हे त्याला सांगता आलं नसतं. जीभ धड असती तरी नसतं.

गेल्या महिन्यात त्यानं कलमा पढला. फार वेळ लागला. इमाम एकेक शब्द सांगत होते आणि हा धडपडत मागून येत होता. समोर बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही की कुणी पुढचा शब्द पुरवला नाही. नंतर चाचा त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “अडखळत पढणाऱ्याला दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य मिळतं. तुम्ही तर आमच्यापेक्षा श्रीमंत होणार.”

ताईला हे काहीच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायचा.

काम संपवून तो दुकानात आला तेव्हा चाचा एका फ्रेमची काडी वाकवत होते. त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “थो... थोडे दिवस नाही सां... सांगितलं तर?”

चाचांनी फ्रेम खाली ठेवली.

“घरच्यांना कधी सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यात मी पडणार नाही. पण ती मुलगी उद्या काय समजून येणार आहे?”

त्यानं समोरची फ्रेम उचलून तिच्या काड्या मिटल्या.

“मी येऊ का बरोबर? मी बोलतो तुमच्या ताईंशी.”

क्षणभर त्याला वाटलं, हो म्हणावं. मग त्यानं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो मंडळी यायच्या कितीतरी आधी ताईकडं पोचला. खोली आरशासारखी लख्ख होती. पडदे धुतलेले, उशांना नवे अभ्रे. भाऊजींना फळं आणायला पिटाळलेलं होतं. ताई टेबलापाशी उभी राहून कप पुसत होती. ठेवणीतले कप. दार वाजलं तसं तिनं वळून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

“दाढी तशीच? आणि शर्ट कुठाय?”

“ताई, ब... बस जरा.”

“बसायला वेळ आहे का? बोल तू, ऐकतेय मी.”

त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. “मी मु... मु...”

“मुलगी आवडली नाही तर काय, हेच ना? आधी बघ तरी! बघायला काय जातंय?”

“न... नाही. मी मु...”

“मुक्कामाला राहतोस? रहा की. विचारायचं काय त्यात?”

“मु...”

“मुद्दाम बोलावलं म्हणतोस? हो, मुद्दामच बोलावलं. नाहीतर तू जन्मभर लिफ्टांशीच संसार केला असतास.” ती स्वतःशीच हसली आणि पुढचा कप उचलला.

इथवर येऊन नेहमीसारखी मान डोलवायची, की सगळं सोपं होतं. त्याच्या मानेला ते माहीत होतं. ती हलूही लागली होती. त्यानं हात पुढं केला. मिटत्या दाराला अडवावं तसा उघडा पंजा तिच्यासमोर धरला.

“थांब. तू बोलू न... नकोस.”

ताई थांबली. लहानपणापासून त्यानं तिला असं कधी सांगितलं नव्हतं. बाहेर कुणाची तरी गाडी येऊन थांबली आणि निघून गेली. त्याचा जबडा आवळला होता, डोळे मिटले होते, मानेची शीर ताठ झाली होती. ते अक्षर काही केल्या सुटेना. ताईच्या हातातलं फडकं कपातच राहिलं होतं.

“मी मु... मुसलमान झालो.”

तिनं कप टेबलावर ठेवला. मग तो उचलून बशीत ठेवला.

“कुणी काही बोललं का तुला? दम दिला? काही आमिष?”

“नाही.”

“मग कुणी मुलगी आहे तिकडची? असेल तर तसं सांग. मी बघते काय करायचं ते.”

“क... कुणी नाही. मा... माझं मलाच.”

“तुझं तुलाच,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती खुर्ची ओढून बसली. “शाळेत मी भांडले. डॉक्टरांना मी सांगितलं. तुला काय दुखतंय ते तुझ्याआधी मला कळायचं. आणि एवढी गोष्ट मला पार शेवटी?”

तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. मग तिनं विचारलं,

“माझ्या हातचं चालेल ना तुला?”

“चा... चालेल.”

“की तोंडदेखलं म्हणतोयस?”

त्यानं टेबलावरच्या बशीतली वडी उचलून तोंडात घातली. ती खाल्ली, आणि दुसरीही उचलली. ताईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

“नाव?”

“तेच आहे. ब... बदलायलाच हवं असं नाही.”

“आईनं ठेवलंय ते,” ती म्हणाली. मग एकदम तिला आठवलं. “अगं बाई, ती मंडळी! निघायची वेळ झाली असेल त्यांची.”

तिनं फोन उचलला. चेहऱ्यावर काउंटरवरची ताई परत आली. “सांगते, ताप आलाय म्हणून. नाहीतर यांच्याकडचं कुणी आजारी आहे असं...” तिचं बोट बटणावर फिरत होतं. पलीकडं घंटी वाजायला लागली. त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

ताईनंही त्याच्याकडं बघितलं. चिडून की थकून, ते त्याला कळलं नाही. तिनं फोन कानापासून काढला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या हातात कोंबला.

“घे. तुझं तू सांग.”

फोनवर तर त्याला स्वतःचं नावही धड सांगता येत नसे.

“हॅलो,” पलीकडून मुलीच्या वडलांचा आवाज आला. “बोला ताई, निघतोच आहोत आम्ही.”

“मी...” तो म्हणाला. पुढचा शब्द दाराशी येऊन थटला. “मी त... त...”

“हॅलो? कोण बोलतंय?”

ताईचे ओठ हलले. ‘तुमच्याशी’ असा शब्द त्यांवर उमटलेला त्याला स्पष्ट दिसला. तिनं ओठ दातांखाली धरले.

“त... त...”

“आवाज तुटतोय का? हॅलो? ठेवू का मी? मागून करतो.”

ताई पटकन पुढं वाकली.

“ठेवू नका,” ती फोनमध्ये म्हणाली. “माझा भाऊ बोलतोय.”