अंड्यांच्या कप्प्यातली बाटली

जुना आहे मी, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या घरघरीला कुणी हसायला नको. एका दाराचा, मरून रंगाचा फ्रिज. पडेगावच्या एका बैठ्या घराच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं उभा आहे. दाराचं रबर तिसरं, हँडल दुसरं, आणि आतला दिवा कधीचाच गेलाय. मित्रांनो, आम्हा फ्रिजांना बोलता येत नाही. आलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

कारखान्यात मला रंग दिला, पोटात नळ्या बसवल्या, पाठीला कॉम्प्रेसर लावला, ते सगळं मला अंधुक आठवतं. लख्ख आठवतं ते टेम्पोतून उतरल्यानंतरचं. आशाबाईंनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मगच आत घेतलं. त्यांचे मालक बद्रीनाथ चितेगावला एका कंपनीत फिटर होते. त्यांनी माझ्या पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून मला अगदी सरळ उभं केलं. "मशीन तिरकं ऱ्हायलं की लवकर मरतंय," असं म्हणाले. माणूस जाणता आहे हे मला त्याच दिवशी कळलं.

मग काय विचारता! मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं तापतं की नळाच्या पाण्यानं हात पोळतो. तेव्हा अख्खी गल्ली बर्फ मागायला माझ्याच दारात. "आशाबाईंच्या फ्रिजचा बर्फ लई टिकतो," असं बायका बोलायच्या आणि मी उगाच जोरात घरघरायचो. पण कौतुकाचे दिवस कुणाचे कायम राहतात? मुलगी तनुजा मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली आणि पहिल्याच माहेरपणाला म्हणाली, "बाबा, हा डबा भंगारात द्या. डबल डोअर घेऊ." डबा म्हणाली मला! लहानपणी माझ्याच दाराला पाठ लावून पाढे म्हणायची ती. बद्रीनाथ तेवढं बरं बोलले. "चालू मशीनला भंगार म्हणायचं नाय," असं म्हणून त्यांनी त्याच दिवशी माझं रबर बदललं.

आता गुळ्याचं सांगतो. गुळ्या म्हणजे आशाबाईंचा बोका, गुळाच्या खड्यासारख्या रंगाचा. मुठीएवढा असताना आला आणि वर्षभरात एवढा फोफावला की ओट्यावरून एका उडीत माझ्या डोक्यावर. तिथंच झोपायचा. मी घरघर करायचो, तोही घरघर करायचा. आशाबाई म्हणायच्या, "दोघांची चांगली जमलीय." बद्रीनाथांचं मात्र त्याच्याशी बिलकुल जमायचं नाही. फडक्यानं हुसकावत म्हणायचे, "शुक्! मशीनवर केस पडत्यात."

गुळ्या बारा वर्षांचा झाला आणि काहीतरी बिनसलं. सारखा पाण्याच्या वाटीशी. खाऊनपिऊन वाळत चालला. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टर सरिताबाईंनी रक्त तपासलं आणि शुगर निघाली. माणसासारखीच. सकाळी आठला आणि रात्री आठला खाणं झालं की इन्सुलिनची सुई, रोज, शेवटपर्यंत. बद्रीनाथ म्हणाले, "गुळ्या नाव ठेवलं, आता भोगा." आशाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गुपचूप बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

ती इवलीशी बाटली माझ्याकडे आली. माझ्या दारात अंड्यांचा कप्पा आहे, पण त्या घरात अंडी कधी येत नसत, तो रिकामाच असायचा. आशाबाई म्हणाल्या, "ही गुळ्याची जागा." मित्रांनो, भाज्या, दूध, बर्फ सगळं सांभाळलं मी आयुष्यभर, पण एखाद्याचा जीव माझ्या हवाली झाला तो तेव्हा पहिल्यांदा. सुई देण्यात घोळ होऊ नये म्हणून आशाबाईंनी एक युक्ती काढली. तनुजानं लहानपणी चिकटवलेलं टोमॅटोच्या आकाराचं एक चुंबक माझ्या दारावर होतं. सकाळची सुई झाली की ते उजवीकडे, संध्याकाळची झाली की डावीकडे. तीन वर्षं ते चुंबक असं इकडून तिकडे फिरत होतं. एकदाही चुकलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर आशाबाईंना छातीत कळ आली. रिक्षा दारात उभी होती, तरी त्या स्वयंपाकघरात आल्या, माझ्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, गुळ्याची सुई तेवढी चुकवू नका."

"तुमी या तर परत. मग बघू," बद्रीनाथ म्हणाले.

"आधी व्हय म्हणा."

"व्हय."

त्या परत आल्या नाहीत. घर माणसांनी भरलं, रडारड झाली. त्या सगळ्या गर्दीतून बद्रीनाथ आठ वाजता माझ्यापाशी आले आणि बाटली काढली. सुई गुळ्याच्या कातडीत न जाता नुसत्या केसांत गेली आणि औषध सांडून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोसंबी आणली आणि साधं पाणी भरून तिच्यावर सराव केला. पाच दिवस, रोज गुळ्याला सुई देण्याआधी तेच. कंपनीत लोखंडाला भोकं पाडणारा माणूस, खुर्चीवर बसून मोसंबीला विचारत होता, "दुखलं का गं?" मला हसू आलं.

हळूहळू हात बसला. गुळ्याला मांडीवर घ्यायचं, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, "झालं झालं, राजा" म्हणायचं. पूर्वी शुक् शुक् करणारा हा माणूस आता त्याच्याशी दिवसभर बोलायचा. भाजीत मीठ जास्त झालं तर त्यालाच सांगायचा. घरात दुसरं होतं कोण? गुळ्याला आता उडी जमत नव्हती, म्हणून बद्रीनाथ त्याला स्वतः उचलून माझ्या डोक्यावर ठेवायचे आणि केसांचं नावही काढत नसत. एकदा तनुजाला फोनवर म्हणाले, "हा हाय तवर तुझी आई घरात हाय असं वाटतंय बघ." फोनवर तनुजा रडायला लागली.

मग अक्षय तृतीया आली. आशाबाई गेल्यानंतरची पहिली, म्हणजे त्यांच्या नावाची पाण्याची घागर भरायची आणि आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. आदल्या दिवशी गावाहून बद्रीनाथांच्या थोरल्या बहीण कडूबाई आल्या. सोवळ्याच्या फार कडक, पण मायाळू बाई. आमरसाचं पातेलं आणि नैवेद्याचं दूध ठेवायला त्यांनी माझं दार उघडलं आणि कप्प्यातल्या बाटलीवर त्यांची नजर गेली.

"अगं बया! बद्री, हे काय रं?"

"गुळ्याचं औषध, आक्का."

"आशाचा निवद बोक्याच्या औषधाशेजारी ठिवतू व्हय? काढ आधी ते."

"आक्का, ते गार लागतंय. बाहेर ठेवलं तर वाया जाईल."

"मग दुसरीकडं ठिव. पण निवदाजवळ नगं, बाबा."

बद्रीनाथ जरा घुटमळले. मग त्यांना माझा बर्फाचा कप्पा दिसला. वेगळा कप्पा, वेगळं झाकण. बहिणीचं सोवळंही राहील आणि औषधही गार राहील. संध्याकाळची सुई देऊन झाल्यावर त्यांनी बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि वरून माझं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं. उन्हाळा होता ना! "जितकं गार तितकं चांगलं," असं स्वतःशीच पुटपुटले.

अरे, नको! मी ओरडलो असतो. पण माझं ओरडणं म्हणजे काय, घरघर. ती तर मी रोजच करतो. आणि बटण फिरवलं की गार करायचं, एवढंच मला येतं. मी रात्रभर माझं काम इमानदारीनं केलं आणि बाटलीचा खडा झाला.

सकाळी आठला बद्रीनाथांनी बाटली काढली, हलवून पाहिली. घट्ट. क्षणभर थांबले. मला वाटलं, आता डॉक्टरांना विचारतील. पण सणाची सकाळ, कुणाला कशाला त्रास द्या, असं वाटलं असेल. बाटली मुठीत घेतली, तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली. मग खुर्चीवर बसून दोन्ही तळहातांत धरून राहिले. लहान बाळाचे पाय गरम करतात ना, तसे. कडूबाई हाका मारत होत्या, तरी उठले नाहीत. औषध वितळलं, पहिल्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं. त्यांनी गुळ्याला सुई दिली, चुंबक उजवीकडे सारलं आणि नैवेद्याला गेले. कडूबाई गावी परतल्या तशी बाटली पुन्हा अंड्यांच्या कप्प्यात आली. सगळं होतं तसंच दिसत होतं.

पण एकदा गोठलं की त्या औषधात काही राम राहत नाही. नुसतं पाणीच म्हणा. आणि ते पाणी गुळ्याला रोज दोन वेळा, न चुकता, मायेनं मिळत राहिलं.

चौथ्या दिवशी पाण्याची वाटी सारखी रिकामी व्हायला लागली. बद्रीनाथ म्हणाले, "उन्हाळाय, पिणारच." आठव्या दिवशी गुळ्याचे मागचे पाय खचले, पंजांऐवजी टाचा टेकवत चालू लागला. तेव्हा त्यांनी माझ्यासमोर उभं राहूनच डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर होता, मी शब्द न् शब्द ऐकला.

"काका, सुई वेळेवर देताय ना?"

"एकदा पण चुकली नाय, मॅडम."

"आणि औषध गारच असतं ना?"

"एकदम गार! त्यात हयगय नाय." केवढ्या अभिमानानं सांगितलं!

"तरी घेऊन या. लगेच या."

त्या दिवशी बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. बद्रीनाथांना वाटलं, एवढ्या उन्हात रिक्षातून नेलं तर वाटेतच काही व्हायचं, उद्या पहाटे नेऊ. पहाटेपर्यंत गुळ्या मानही उचलेनासा झाला. ओला टॉवेल गुंडाळून भाजीच्या टोपलीत घालून त्याला नेलं. सोबत ती बाटलीही.

त्यानंतर दोन दिवस बद्रीनाथ फक्त अंघोळीपुरते घरी यायचे. पहिल्या दिवशी आले ते हातात नवी बाटली घेऊन. माझं दार उघडलं, बाटली अंड्यांच्या कप्प्यात ठेवली आणि उघड्या दारापुढे तसेच उभे राहिले. तिथूनच तनुजाला फोन केला.

"सलाईन लावलंय. नवं औषध आणलंय, पण मॅडम म्हणल्या, उशीर झाला. शुगर मशीनच्या पण वर गेलीय. मला विचारलं, काका, हे कधी गोठलं होतं का? मी म्हणलं, व्हय, पण मी वितळवलं व्हतं हातानं." मग माझ्या बर्फाच्या कप्प्याचं झाकण उघडून आत पाहिलं. "तुझ्या आईच्या निवदासाठी ठेवलं गं मी ते तिथं. तिच्याच निवदासाठी."

तनुजा पलीकडून समजावत होती, बाबा, त्याचं वय झालं होतं, पंधरा वर्षं म्हणजे खूप. ते नुसते हूं हूं करत होते. फोन ठेवला आणि माझ्या दारावर हात टेकवून म्हणाले, "तुला तर ठावं व्हतं ना रं. तू तरी सांगायचं."

मित्रांनो, बावीस वर्षांत मला कुणी डबा म्हणालं, कुणी लाथ मारून दार लावलं. त्यातलं काहीच एवढं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपली रिकामी आली. टॉवेल नीट घडी घालून आत ठेवलेला होता. आठ वाजले. बद्रीनाथ उठले, त्यांचा हात माझ्या दाराकडे आला आणि मध्येच थांबला. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही.

चार दिवसांनी त्यांनी ती नवी बाटली बाहेर काढली. तिचं सीलही फुटलेलं नव्हतं. डॉक्टरांकडे दुसरं कुणीतरी आपली म्हातारी मांजर घेऊन येतं, तिलाही हाच आजार, त्यांना द्यायची होती. निघण्याआधी खुर्चीवर बसून, चष्मा लावून त्यांनी एक कागद लिहायला घेतला. कंपनीत मशीनवर सूचना लावायचे तसा, मोठ्या अक्षरात. एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहीत होते, म्हणून मला पाठ झालाय.

"दारात ठेवावी. बर्फात ठेवू नये. गोठली तर फेकून द्यावी, वितळवू नये. शंका आली तर सणवार न बघता डॉक्टरला विचारावं. मी विचारलं नाही. माझा बोका गेला. बद्रीनाथ, फिटर."

कागदाची घडी करून त्यांनी बाटलीला दोऱ्यानं बांधली.

तर मित्रांनो, मी एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल, माणूस असो नाहीतर जनावर, आणि त्याचं औषध माझ्या एखाद्या भावंडाच्या दारात असेल, तर ते कसं ठेवायचं ते नीट विचारून घ्या. पुन्हा विचारा. विचारण्यात लाज नाही. त्या माणसाच्या मायेत कुठंच काही कमी नव्हतं हो, मी डोळ्यांदेखत पाहिलंय.

तनुजा पुढच्या महिन्यात येणार आहे, नवा फ्रिज घेऊ म्हणते. या वेळी बद्रीनाथ काही बोलले नाहीत. मला भंगारात जायचं दुःख नाही, माझं वय झालं. पण रोज सकाळी आठला ते अजून माझ्यापुढे येऊन उभे राहतात आणि ते चुंबक उजवीकडे सारतात. संध्याकाळी डावीकडे. मी गेलो तर ते कुठं सारतील, याचीच मला काळजी वाटते.