खालच्या कडेचे दोन हात

मी एक जुना दरवाजा आहे. घाई करू नका मित्रांनो, घराचा नव्हे. घराच्या दरवाज्याला घंटा असते, पायपुसणे असते, आल्यागेल्याचे हसरे चेहरे बघायला मिळतात. मी परसातल्या शेडचा दरवाजा, आणि त्यातही डावा. उजवा माझा जोडीदार आहे. तो स्वभावाने मुका, म्हणून दोघांच्या वतीने मीच बोलतो. माझे वय तेरा वर्षे. तुम्हाला ते फार वाटणार नाही, पण तेरा वर्षे उघड्यावर उभे राहून पाहा, म्हणजे कळेल.

आमची मालकीण वेताच्या खुर्च्या विणते. तिला सगळे ताई म्हणतात. फाटक्या बैठकीच्या खुर्च्या लोक तिच्याकडे आणून टाकतात आणि ती त्या पुन्हा बसण्याजोग्या करून देते. वेत कोरड्या जागी ठेवावा लागतो आणि विणण्याआधी पाण्यात भिजवावा लागतो. घरात ही ओली-कोरडी कसरत जमेना, म्हणून परसात शेड उभी राहिली आणि शेडसाठी मी जन्माला आलो.

मला घडवले ते ताईच्या धाकट्या भावाने. तो सुतार. कुठलेही माप घेतले की मान तिरकी करून म्हणायचा, "एक मिलिमीटर कमी पडतोय." म्हणून ताईच्या नवऱ्याने त्याचे नाव मिलिमीटर पाडले. त्यानेही उसने ठेवले नाही. ताईचा नवरा टपाल कचेरीत कारकून, पण खरा जीव रंगाच्या डब्यात. घरात एखादी वस्तू जरा वेळ स्वस्थ उभी राहिली की तिला रंग लागलाच म्हणून समजा. स्टूल, झारी, नळाचा पाइप, काही सुटले नाही. एकदा ओल्या कठड्याला अंग घासून मांजर गेले आणि आठवडाभर हिरवे फिरत होते. मिलिमीटरने भाऊजींना रंगराव केले ते तेव्हापासून.

माझ्यासाठी मिलिमीटरने फळ्या निवडल्या त्या बोटाच्या पेराने वाजवून आणि नाकाला लावून. एक फळी किंचित चिरलेली होती, ती त्याने बाजूला ठेवली. पाच उभ्या फळ्या, मागून तीन आडव्या पट्ट्या आणि माझे अंग झुकू नये म्हणून एक तिरकी. मी देखणा होतो असे मी स्वतः म्हणणे बरे नव्हे, पण ताई तसे म्हणाली होती.

आम्हाला बसवण्याचा दिवस मला नीट आठवतो, कारण माझ्या आयुष्याचे वाटोळे त्याच दिवशी झाले. चौकटीत उभे करून पाहिले तर आम्ही दोघेही खाली घासत होतो. मिलिमीटरने आम्हाला शेडच्या मागे नेले, आडवे केले आणि खालच्या कडेवर रंधा फिरवला. रंगराव पुढच्या बाजूला रंग ढवळत बसले होते. उभ्या दरवाज्याच्या खालच्या कडेला ब्रश पोचत नाही, म्हणून त्यांनी एक लहान डबा आणि ब्रश आधीच मागे नेऊन ठेवला होता. त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली.

"खालच्या कडेला हात दिलेस का रे?"

"दिले की भाऊजी! चांगले दोन हात दिलेत."

"मग लाव."

मिलिमीटरने आम्हाला लावले. रंगरावांनी मग पुढून, मागून, बाजूने असा मला न्हाऊ घातला. ब्रशसकटचा तो लहान डबा संध्याकाळी त्यांनी परत आणला, पण तो उघडून पाहिला नाही.

त्या दोन हातांचा घोळ तुमच्या लक्षात आला असेल तर तुम्ही त्या दोघांपेक्षा हुशार आहात. नसेल आला तर थोडा धीर धरा. त्यांना तो कळायला अकरा वर्षे लागली.

सुरुवातीची वर्षे झकास गेली. सकाळी ताई कडी काढायची, आम्ही आवाज न करता उघडायचो. दुपारभर आत वेताचा सर्रसर्र आवाज. संध्याकाळी ती भिजवणीचे घमेले उचलायची आणि पाणी दारातच ओतायची. रविवारी मिलिमीटर जेवायला यायचा आणि जेवणाआधी न चुकता माझ्या बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडायचा. रंगराव मला दरवर्षी नवा रंग द्यायचे. येणारेजाणारे म्हणायचे, "दार बघा कसं नव्यासारखं आहे!"

वरून मी नवरदेव होतो, पण माझे पाय उघडे होते. फळीच्या टोकाला लाकडाच्या शिरा तोंड उघडून संपतात आणि तिथूनच लाकूड पाणी पिते. माझी खालची कड कोरीच राहिलेली होती, तेव्हा मीही ते प्यायलो. बाहेर यायला त्या पाण्याला वाट नव्हती, कारण बाकी सगळीकडे रंगाचे थरावर थर. लोक माझे कौतुक करत होते आणि मी आतून मऊ पडत होतो. मला तोंड असते तर मी पहिल्याच वर्षी ओरडलो असतो.

नवव्या वर्षी रंगरावांनी सहज छत्रीचे टोक माझ्या पायाला टेकवले, तर ते केकात सुरी जावी तसे आत गेले. तळाशी पडलेल्या भोकातून उंदीर येऊ लागले. ओल आत सरकली आणि ताईच्या वेताच्या तीन जुड्यांना बुरशी धरली. सहा खुर्च्यांचे काम तिला हात जोडून परत करावे लागले. त्या दिवशी ती माझ्यासमोर पालथ्या घमेल्यावर बसून रडली. मला फार वाईट वाटले, कारण तिचे सामान कोरडे ठेवायचे एवढे एकच काम मला दिले होते.

मग तो रविवार आला. कचेरीतले चार जण जेवायला होते, मिलिमीटरही होता. खिडकीतून मी दिसतोच. एका पाहुण्याने विचारले, "दाराला काय झालं हो?"

रंगराव म्हणाले, "काय होणार? घरच्या माणसाने सडकं लाकूड गळ्यात मारलं."

मिलिमीटर वाढलेल्या ताटावरून उठला. त्याने फक्त एवढेच म्हटले, "भाऊजी, मला काहीही बोला, माझ्या लाकडाला नाही." ताई फाटकापर्यंत धावली, पण तो थांबला नाही.

त्यानंतर दोन वर्षे त्याने त्या घरात पाऊल टाकले नाही. ताईची अवस्था पाहवत नव्हती. भावाची बाजू घ्यावी तर नवरा फुगून बसे, नवऱ्याची घ्यावी तर भाऊ फोन ठेवून देई. मिलिमीटरच्या नेहमीच्या खुर्चीची बैठक त्याच सुमारास फाटली. ताईने ती शेडमध्ये आणली, जुना वेत कापून काढला आणि नुसता सांगाडा माझ्यामागे भिंतीशी ठेवून दिला. रंगराव म्हणाले, "अगं, ही विणून टाक ना, एक खुर्ची कमी पडते."

"बसणारा येईल तेव्हा विणीन," ताई म्हणाली. परत तो विषय कुणी काढला नाही.

अखेर रंगरावांनी पत्रेवाल्याला बोलावले. त्याने टेप लावून माझी रुंदी घेतली आणि सोमवारी पत्र्याची दारे आणतो म्हणून सांगून गेला. माझी रवानगी सरपणात होणार हे ठरले. खोटे कशाला बोलू, मी घाबरलो. पण ताई माझ्याहून जास्त घाबरली असावी. मी गेलो की भांडणही कायमचे पक्के होणार होते, कारण मग लाकूड सडके होते की नव्हते हे पाहायला काही उरणारच नव्हते.

शनिवारी सकाळी तिने माझ्या पायाचा एक भुसभुशीत तुकडा मोडला, वरच्या पट्टीची एक ढलपी काढली, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळले आणि भावाच्या कारखान्यात गेली. माझाच तुकडा बरोबर होता, म्हणून तिथले मी खात्रीने सांगू शकतो.

"दार दुरुस्त कर म्हणायला मी आलेली नाही," ताई म्हणाली. "हे लाकूड सडकं होतं का, एवढंच सांग. नाही तर सोमवारी ते जळून जाईल आणि लोक म्हणतील, होतंच."

मिलिमीटरने ढलपी नाकाला लावली. नखाने दाबून पाहिली. मग हत्यारांची पेटी उचलली.

परसात रंगराव उभेच होते. मिलिमीटर त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मी दारासाठी आलोय. बाकी कुणासाठी नाही."

"मी काही म्हटलं का?" रंगराव आकाशाकडे बघत म्हणाले.

मग जो प्रकार सुरू झाला तो ऐकून माझ्या मुक्या जोडीदारालाही हसू आले असेल.

"ताई, भाऊजींना सांग, दुसऱ्या बाजूने उचला म्हणावं."

"त्याला सांग, मी कधीचा धरून उभा आहे."

"ताई, त्यांना सांग, बिजागरीचे स्क्रू निघेपर्यंत सोडू नका."

"मी काय दोघांमधली तार आहे का?" ताई कडाडली. "तीन हातांवर तर उभे आहात!"

त्यांनी मला शेडमध्येच सुतारकामाच्या घोडीवर पालथा घातला आणि माझ्या पायाचा तळ उघडा पडला. अकरा वर्षांत तो तळ पाहणारी ही पहिलीच माणसे. मिलिमीटर पेचकसाने टोचत गेला. वीतभर लाकूड खचत होते, त्याच्या वर ठणठणीत. "हे बघ ताई, लाकूड सडकं असतं तर वरपर्यंत गेलं असतं. खालूनच का कुजलं?" त्याने कोपऱ्यातला एक जरा टिकलेला भाग फडक्याने पुसला.

तिथे रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

रंगराव भांडण विसरून वाकले. ताईला मध्ये घ्यायचेही विसरले. "अरे, कोरं आहे हे! तू तर दोन हात दिले म्हणाला होतास!"

"दिले होतेच! या इथे बघा की, अजून दिसतात."

"काय दिसतात?"

"रंध्याचे हात."

"रंध्याचे?"

"मग कशाचे?"

"रंगाचे, अरे, रंगाचे! तुझ्या शेजारी डबा ठेवला होता तो काय पाणी प्यायला?"

"मला वाटलं, तुम्ही तो तिथे विसरलात!"

मग ताईला हसू फुटले. ते हसू साधे नव्हते, दोन वर्षांचे साचलेले होते. हसता हसता तिने आधारासाठी मागे हात नेला, खुर्ची लागली, आणि ती खुर्चीवर बसली. ती नेमकी मिलिमीटरची बिनबैठकीची खुर्ची होती. ताई चौकटीतून खाली गेली ती काखेपर्यंत, वर फक्त डोके, हात आणि पाय.

दोघेही धावले. एकाने डावा हात धरला, दुसऱ्याने उजवा.

"हात दे, ताई!"

"कशाचा?" ताईने आतूनच विचारले, आणि मग ते दोघे इतके हसले की तिला बाहेर काढायला तीनदा जोर लावावा लागला.

हसणे थांबल्यावर रंगराव जरा वेळ ब्रशचे केस नीट करत राहिले. मग म्हणाले, "सडकं म्हणालो मी. चार लोकांत म्हणालो. चुकलं माझं."

"माझंही चुकलं," मिलिमीटर म्हणाला. "मिलिमीटर म्हणवून घेतो आणि लावताना एवढी कोरी कड दिसली नाही."

"आणि रोजचं घमेलंभर पाणी तिथेच कोण ओतत होतं ते कुणी विचारूच नका," ताई हळूच म्हणाली.

दुरुस्तीला रविवारचा पूर्ण दिवस गेला. मिलिमीटरने माझे कुजलेले लाकूड कापून टाकले. वर निरोगी भागातलेही चार बोटे कापले, कारण कूज थोडीशी राहिली तरी परत वर चढते. काप त्याने बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला, म्हणजे पाणी जोडात मुरणार नाही, ओघळून जाईल. नवे तुकडे अर्ध्या जाडीवर अर्धी जाडी बसवून चिकटवले आणि मागून स्क्रूने आवळले. खालची आडवी पट्टी नवी घातली. मग त्याने खालच्या कडेवर रंधा फिरवला आणि स्वतःच ओरडून सांगितले, "रंध्याचे दोन हात झाले!"

रंगराव ब्रश घेऊन पुढे आले. त्यांनी माझ्या खालच्या कडेला रंग दिला, तो सुकू दिला, पुन्हा दिला, परत सुकू दिला आणि तिसऱ्यांदा दिला. "रंगाचे तीन!" तेही ओरडले. जोडीदाराचेही असेच झाले. घमेल्याचे पाणी आता ताई कुंपणाजवळच्या झाडाला घालते. पत्रेवाला सोमवारी आला तेव्हा आम्ही दोघे चौकटीत उभे होतो. त्याने मला एकदा उघडून पाहिले, लावून पाहिले आणि दारे गाडीतून उतरवलीच नाहीत.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. माझे नवे लाकूड जुन्यापेक्षा किंचित फिके आहे, रंगाखालूनही जोडाची रेघ दिसते. मला तिची लाज वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या परसात माझ्यासारखा कुणी उभा असेल तर वर्षातून एकदा वाकून त्याचा पाय बघा. समोरून आम्ही सगळेच चांगले दिसतो. आणि कुणी तुम्हाला म्हणाले, दोन हात दिलेत, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. "कशाचे?" एवढे विचारा. माझ्या दोघा माणसांपैकी एकही खोटे बोलला नव्हता, आणि तरी ताईची दोन वर्षे गेली.

त्या सोमवारी पत्रेवाला गेल्यावर ताईने वेत भिजत घातला. चार दिवस ती आत विणत बसली होती. शुक्रवारी तिने माझी कडी काढली, आणि मिलिमीटरची खुर्ची, नव्या बैठकीची, दोन्ही हातांत उचलून माझ्यासमोरून घरात नेली.