विजेची मोळी

गाडी बाटलीच्या तळासारखी गर्द हिरवी होती. ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची, छत मागे दुमडलं की आभाळाला मांडीवर घेणारी. असल्या गाड्या मुळातच थोड्या निघाल्या, त्यातल्या चालत्या उरल्या त्या बोटांवर मोजाव्यात. तिच्या दारावर पाटी होती : ‘विकणे आहे. सर्व सुधारणा कै. मास्तरांच्या हातच्या.’

पाटी गॅरेजवाल्या मास्तरांच्या धाकट्या भावाने रंगवलेली. मास्तरांच्या बायकोने ती सकाळपासून तिसऱ्यांदा वाचली आणि तिसऱ्यांदा ‘हातच्या’ या शब्दावर ती अडकली.

मास्तरांचे हात शेवटची सहा वर्षं थरथरत होते. चहाची बशी धरवत नव्हती, तिथे पाना कुठला? ते खुर्चीत बसून सांगायचे, ती गाडीखाली सरपटायची. पाच गिअरचा गिअरबॉक्स तिने बसवला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, म्हातारा डायनॅमो उतरवून वीज बनवायला अल्टरनेटर चढवला. वायरिंग तर मास्तर धडधाकट असतानाही तिच्याकडेच असे. “सापांचं बिऱ्हाड आहे ते, तूच हात घाल,” म्हणायचे. आणि वायरींचा जुडगा बांधताना ती गुणगुणायची :

तांब्याची बाई तार, तिला रबराची चोळी
माझ्या हातानं बांधते मी विजेची गं मोळी

“वहिनी, तोंड पाडून उभ्या राहू नका,” दीर म्हणाला. “गिऱ्हाईक येतंय. दादाच्या नावाला वजन आहे. बाईनं केलेलं काम म्हटलं की लोक नाक मुरडतात. गाडी गेली की त्या पैशातून गॅरेजातला माझा वाटा तुम्ही विकत घ्या, गॅरेज तुमचं एकटीचं. नाही गेली, तर माझी अर्धी जागा मी गोदामाला देणार. मग बसा अर्ध्या गॅरेजात अर्धी गाडी दुरुस्त करत.”

“आणि गाडीसोबत द्यायच्या दाखल्यावर सही मी करायची, की हे सगळं त्यांनी केलं म्हणून?”

“एक सही तर आहे!”

दारातल्या स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. त्या लेकाला म्हणाल्या, “एकच सही तर तूच कर की. तुझा हात कुठे झिजलाय?”

अकराला गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्यांचा शौकीन, पांढरे हातमोजे घातलेला. त्याने रंग न्याहाळला, चाकांच्या आऱ्या मोजल्या, दार उघडून त्याचा आवाज ऐकला. “इंजिन ऐकू या.”

चार्जिंगला काढलेली बॅटरी दिराने लगबगीने आणून ठेवली. गाडीसोबत आलेलं जुनं पुस्तक त्याने मोठ्या तोऱ्यात उघडलं. “बघा साहेब, या गाडीची गंमत. जगभर बॅटरीचं मायनस गाडीच्या अंगाला जोडतात, हिचं प्लस अंगाला. दादाने मूळ ढब मोडली नाही.” आणि त्याने प्लसला अंगाची वायर भिडवायला पाना धरलेला हात खाली नेला.

ती धावलीच. त्याचं मनगट तिने असं धरलं की पाना खणकन खाली पडला.

“अल्टरनेटर जाळायचाय का? ते पुस्तक आता या गाडीचं नाही राहिलं. मायनस अंगाला आहे. मी फिरवलंय.”

गिऱ्हाईक वाकलं, तिच्या बांधलेल्या जुडग्यावरून त्याने मोजा फिरवला. “तुम्ही? हे सगळं?”

“गिअरबॉक्सपासून पंख्यापर्यंत.”

तिने वायरी नीट जोडल्या, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या हाकेला ओ देऊन उठली.

“सुरेख!” शौकीन म्हणाला. “घेतो मी. पण दाखल्यावर मास्तरांचंच नाव राहू द्या. संग्रहात शोभतं. तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, बास की.”

दिराने झटकन पेन पुढे केलं. त्या पेनाच्या टोकाशी अख्खं गॅरेज होतं, छपरापासून तेलकट फरशीपर्यंत. तिने पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्याच खिशात परत खोचलं.

“मला ठाऊक आहे हे मला कुणी सांगायला नको. कागदाला ठाऊक हवं.”

शौकिनाने मोजे काढले आणि तो निघून गेला.

“लक्ष्मीला लाथ मारलीत,” दीर म्हणाला. “उद्याच गोदामवाल्याला बोलावतो. आई, तू तरी सांग हिला! दादाच्या नावाची तुला काही किंमत?”

“तो माझ्या पोटचा,” सासूबाई उठल्या. “त्याच्या नावाची हौस मला नाही तर कुणाला? पण तो असता ना, तर ही पाटी त्यानं थरथरत्या हातानं का होईना, फोडली असती. सूनबाई, ब्रश आण.”

पाटीच्या पाठीवर तिने ठसठशीत लिहिलं : ‘विकणे आहे. सर्व काम माझ्या हातचं. शंका असेल त्याने बॉनेट उघडावं, मी उभी आहे.’ पाटी मागच्या बंपरला तारेने आवळली. छत दुमडून ती स्टिअरिंगवर बसली. सासूबाई पदर कानामागे खोचून शेजारी बसल्या.

“गोदामवाला उद्या येणार ना?” त्या म्हणाल्या. “आजचा दिवस पडलाय अख्खा. गाडी घे बाजारातून.”

बाजाराच्या चौकात लाल दिवा लागला. मागच्या टेम्पोवाल्याने पाटी मोठ्याने वाचली आणि मान बाहेर काढून ओरडला, “ओ आजी, ‘माझ्या’ म्हणजे कुणाच्या?”

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं.

ती सीटवरून अर्धी उभी राहिली, मागे वळली आणि चौकभर ऐकू जाईल असं म्हणाली, “माझ्या!”