पहिले दोन दगड

"अजून ओढ," लेस्या म्हणाली. "बटाट्याची गोणी बांधतेयस असं समज."

मरीसाने दातओठ खात खांद्यावरचा पट्टा ओढला आणि चिकटपट्टी दाबून बसवली. तासाभराने दोघी कर्लिंगच्या महिलांच्या अंतिम सामन्यात एकमेकींसमोर उभ्या राहणार होत्या. पण उजवा खांदा एका हाताने आवळता येत नाही, आणि लेस्याच्या संघातल्या तिघी खाली बर्फ बघायला गेल्या होत्या. कपडे बदलायच्या खोलीत उरली होती ती ही चोवीस वर्षांची मरीसा फ्रीसन, समोरच्या संघाची कप्तान.

"ऑपरेशन कधी?"

"अकरा एप्रिलला."

"आणि पुढच्या मोसमात?"

"पुढच्या मोसमात बटाटे लावीन. बागेत नुसतं गवत माजलंय." लेस्याने खांदा फिरवून बघितला. "छान बसला. आता हरल्यावर गावभर सांगू नकोस, म्हातारीने मला आधीच दमवलं म्हणून."

"हरतंय कोण?" मरीसा हसली, पण जाता जाता दारात क्षणभर थांबली. तिने वळून एकदा त्या पट्ट्याकडे बघितलं आणि गेली.

हा शेवटचा सामना आहे हे लेस्याने नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. संघाला सांगितलं असतं तर रडारड झाली असती, आणि डोळ्यांत पाणी असताना बर्फावर नेम लागत नाही. तिला निरोपसमारंभ नको होता. तिची एकच इच्छा होती: शेवटचा दगड टाकताना तो शेवटचा आहे हे आपल्याला ठाऊक असावं. तीन वर्षांपूर्वी संघातली ग्वेन खेळ सोडून गेली, तेव्हा तिच्या शेवटच्या सामन्यात समोरच्यांनी सहाव्या फेरीनंतरच हार मानली होती आणि खेळ तिथेच थांबला होता. पुढे एकदा किराणा दुकानात, अंड्यांच्या खोक्यांपुढे उभी राहून ग्वेन म्हणाली होती, "माझा शेवटचा दगड कुठे गेला, मला आठवतच नाही गं." ते वाक्य लेस्याच्या मनातून गेलं नव्हतं.

आणि लेस्या तर प्रत्येक फेरीत पहिले दोन दगड टाकणारी. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. आपले दोन दगड बर्फावरून सरकवत पलीकडच्या वर्तुळांकडे टाकायचे आणि मग बाकीच्यांचे दगड लांब जावेत म्हणून झाडू घेऊन त्यांच्यापुढे बर्फ घासत पळायचं. टाळ्या पडायच्या त्या शेवटच्या दगडाला, म्हणजे त्यांच्या कप्तानाला, जॅनिसला. याबद्दल तिची कधी तक्रार नव्हती.

त्या दिवशी मात्र जॅनिसला जणू दृष्टच लागायची बाकी होती. सातव्या फेरीत तिच्या शेवटच्या दगडाने मरीसाचे दोन दगड बाहेर उडवले आणि तीन गुण एकदम पदरात पाडले. आठ-तीन! सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. वरच्या रांगेत लेस्याच्या नवऱ्याने, ऑरेस्टने, डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवली. संघातल्या पॅमने लेस्याला मिठी मारली, ती नेमकी दुखऱ्या खांद्यावर. आनंद लेस्यालाही झालाच, का नाही होणार? पण त्याच वेळी तिची नजर फळ्यावर गेली. एक फेरी उरलेली आणि पाच गुणांची पिछाडी. अशा वेळी हरणाऱ्या कप्तानाने हातमोजा काढायचा, हात पुढे करायचा आणि खेळ तिथेच संपवायचा, ही तर रीतच होती.

म्हणजे तिचा शेवटचा दगड टाकूनही झाला होता. सातव्या फेरीतला दुसरा. तो कुठे थांबला होता? डावीकडे? ती आठवायला लागली, आणि आठवेना. एवढं मोठं जिंकायची काय गरज होती, असं तिला वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

मरीसाने हातमोजा काढला. दोन पावलं पुढे आली. लेस्या तेवढ्यात सवयीने आपला दगड ओढून घेऊन, तो कलता करून त्याचा तळ पुसत होती. मरीसाने तिच्याकडे पाहिलं आणि मोजा परत चढवला.

"खेळतो आम्ही," ती म्हणाली.

"काय?" जॅनिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"शेवटची फेरी. खेळतो."

प्रेक्षकांत कुजबुज झाली. पुढचा सामना पुरुषांचा होता. त्यांचे दोन्ही संघ कठड्याला टेकून कधीपासून पाय ताणत होते. त्यांच्यातला एक दाढीवाला ओरडला, "बायांनो, आवरा! आम्हालाही आजच खेळायचंय!"

"एका फेरीत पाच गुण हवेत पोरीला," जॅनिस पुटपुटली. "टीव्हीवर दिसायची हौस, दुसरं काय!" आणि तणतणत बर्फाच्या दुसऱ्या टोकाच्या वर्तुळांपाशी जाऊन उभी राहिली.

पोर हट्टी आहे खरी, लेस्याच्याही मनात आलं. पण तिच्या हट्टापायी आपल्याला दोन दगड मिळाले, तर आपण कशाला कुरकुरायचं?

जॅनिसने वर्तुळांबाहेर झाडू धरून खूण केली: जोरात टाक, पार बाहेर जाऊ दे. पुढे असलेल्याने वाटेत काही ठेवायचं नसतं. लेस्याने टाकला. दगड वर्तुळं ओलांडून मागच्या फळीवर आदळला. मग समोरच्या संघातली उंच मुलगी, ब्रिन, पुढे आली. तिने दगडाचा तळही पुसला नाही. नुसता ढकलला. तोही सरळ बाहेर गेला.

लेस्या बघतच राहिली. पाच गुण हवेत ते असा दगड वाया घालवत नाहीत.

जॅनिसलाही ते दिसलं असणार. तिने वळून शेजारी उभ्या असलेल्या मरीसाला काहीतरी विचारलं. मरीसाने दोन शब्दांत उत्तर दिलं. इतक्या लांबून ते ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की जॅनिसने नाक पुसलं, आणि बाहेर धरलेला झाडू आणून वर्तुळांच्या मधोमध, अगदी ठिपक्यावर टेकवला.

लेस्याने तळ दोनदा पुसला. रबरी टेकूवर पाय रोवला आणि सगळं अंग पुढे सोडलं. दगडाची मूठ हातातून सुटली तेव्हा खांद्यातून कळ गेली, तीही तिने नीट लक्षात ठेवली. दगड गुणगुणत निघाला. पॅम आणि बेथ दोन्ही बाजूंनी झाडू उचलून धावत होत्या. घासा म्हणून जॅनिस एकदाही ओरडली नाही. दगड तसाच वळत वळत आत आला आणि ठिपक्याच्या वीतभर अलीकडे थांबला.

ब्रिन आपल्या दगडासाठी वाकली नाही. झाडू काखेत धरून ती उभीच होती. तिकडून मरीसा हातमोजा काढून बर्फाची सगळी लांबी चालत आली. आधी कप्तानाला हात द्यायचा सोडून तिने लेस्यापुढे धरला.

"छान खेळलात, लेस्या."

लेस्या अजून गुडघ्यावरच होती. तिने तो हात धरला आणि त्याच्याच आधाराने उठली.

"जॅनिसला काय सांगितलंस?"

"एवढंच, की पुढच्या मोसमात तुम्हाला बटाटे लावायचेत."

मागून जॅनिस घसरत आली. डोळे लाल, तोंडात शिव्या. "बावीस वर्षं! बावीस वर्षं एका गाडीतून फिरलो, आणि मला हे त्या फ्रीसनच्या पोरीकडून कळतं?"

"सांगणार होते."

"कधी? बटाटे उगवल्यावर?"

फळ्यावर आठव्या फेरीच्या रकान्यात फुली पडली. सोडून दिलेल्या फेरीचा दगड कुठेच मोजला जात नाही. बर्फवाले पुरुषांच्या सामन्यासाठी पट्टा मोकळा करायला उतरले. त्यातला एक ठिपक्याजवळचा दगड ढकलायला वाकला.

"राहू दे," लेस्याने इकडून हाक मारली. "मी आणते."

आणि ती चालायला लागली, सावकाश. कठड्यावरचा दाढीवाला आता आवरा म्हणाला नाही.