ओट्याची उंची

प्रेमदासच्या विहिरीवर बाभळीची एक फांदी वाकली आहे. दर पावसाळ्यात तिथं सुगरणीचे खोपे लटकतात. नाव बाईचं असलं तरी राबतो तो पिवळ्या डोक्याचा नर. अर्धा खोपा विणून तो थांबतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरते, काड्या ओढून बघते. तिला पसंत पडलं तरच तो पुढचं विणतो, नाहीतर खोपा तसाच अर्धा लोंबत राहतो. प्रेमदास लहानपणापासून हे बघत आलाय. तरी त्या बाबानं स्वतःचं घर मात्र शेवटच्या खिळ्यापर्यंत पुरं करून टाकलं!

मी त्याची शेजारीण, कोकिळा. आई गेल्यापासून तो एकटाच राहतो. शेती बरी, स्वभाव गरीब, वय मात्र चाळिशीकडे झुकलेलं. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची म्हटलं की आमच्या आंजी गावातसुद्धा लोक तोंड फिरवतात. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की घर चांगलं नाही म्हणून स्थळं येत नाहीत. झालं! गडी गवंड्यासोबत स्वतः खपला. गुलाबी फरशी, घरातच बाथरूम, स्वयंपाकघरात चकाकता काळा ओटा. गवंड्यानं ओट्याचं माप त्यालाच उभं करून घेतलं, कारण रांधणारा तोच. संध्याकाळी भिंतीपलीकडून एकाच ताटाचा आवाज यायचा. मला तो ऐकवत नसे.

पोळ्याच्या आधी त्याचे मामा किसनराव वडनेरचं स्थळ घेऊन आले. मुलगी रुचिका, स्वतःचं शिवणकामाचं दुकान चालवणारी. आधी घर पाहीन, मग मुलाचं बोला, असं तिनं ठणकावून सांगितलं होतं म्हणे. मला पोरगी तिथंच आवडली.

ती भावासोबत आली. पोहे प्रेमदासनं केले, आणूनही त्यानंच दिले. मग त्यानं नळ सोडून दाखवले, पंखे लावले, दिवे लावले. नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

रुचिकानं दारं लोटून पाहिली, कपाटाचे कप्पे ओढून पाहिले. मग ओट्यापाशी उभी राहिली. पोरगी ठेंगणी. ओटा जवळजवळ तिच्या छातीशी आला.

"हा थोडा खाली करता येईन का जी?" तिनं विचारलं.

अरे, हो म्हण, मी मनात ओरडले.

"ग्रॅनाइट हाय जी," प्रेमदास अभिमानानं म्हणाला. "फोडाचा काऊन? पायाखाली पाट घेजा."

किसनराव हसले. ती हसली नाही. ओट्यावरून एकदा हात फिरवून ती बाहेर गेली आणि चपला घालू लागली.

पोळा झाल्यावर नकार आला. घर चांगलं आहे, पण त्यात माझी जागा नाही, असं ती म्हणाली होती.

प्रेमदास माझ्या ओसरीवर येऊन बसला. "काकू, मी तं सारंच करून ठेवलं होतं."

"तेच चुकलं तुहं!" मी भडकले. "ते पोरगी इथं राहाचंच पाहून राह्यली होती, अन् तू तिले पाट दाखवला!"

बोलले आणि माझंच मन मला खाऊ लागलं.

दुपारी त्याच्या घरातून घणाचे आवाज आले. मी धावत गेले. ओटा फुटला होता, काळ्या ग्रॅनाइटचे तुकडे गुलाबी फरशीवर पडले होते. तो धुळीत बसला होता, हातात मापाची टेप.

"काकू, तिची उंची किती असन?"

"रुचिकाची? अरे, ते तं नाई म्हणून गेली."

"तिची नाई. जे येईन, तिची."

मी त्याच्या हातातली टेप काढून घेतली आणि म्हटलं, चल, माझ्याकडे जेव. तो उठला नाही.