दोघांचा ताप माझ्या पोटात

मी रेडिएटर बोलतोय. गाडीच्या अगदी पुढे, जाळीमागे माझी जागा होती. धूळ, खडे, चिलटं, सगळं आधी माझ्याच तोंडावर. लोक गाडी घेताना रंग बघतात, सीटवर बसून बघतात, चार वेळा हॉर्न वाजवून बघतात. मला वाकून कोणी बघत नाही. वाफ निघाली की मात्र सगळे माझ्यापुढे हात जोडून उभे!

माझं काम काय ते सांगतो. कुलंट, म्हणजे गार ठेवणारं औषध घातलेलं पाणी, इंजिनाच्या अंगातून फिरतं आणि तापून माझ्याकडे येतं. माझ्या बारीक नळ्यांतून उतरताना वारा आणि पंखा त्याला गार करतात, मग ते पुन्हा इंजिनाकडे जातं. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढचं नसतं. आमची गाडी ऑटोमॅटिक. तिच्या गियरबॉक्समधलं तेलही तापतं. त्या तेलाची एक नळी माझ्या खालच्या टाकीत, गार झालेल्या कुलंटमध्ये बुडवलेली होती. आतून तेल, बाहेरून कुलंट. तेलाचा ताप कुलंट घ्यायचं आणि मी तो वाऱ्याला देऊन टाकायचो. थंडीच्या सकाळी उलटं व्हायचं. इंजिन आधी तापायचं आणि कुलंट त्या गारठलेल्या तेलाला ऊब द्यायचं. दोघांच्या मध्ये एका नळीची पातळ भिंत, बस्स. ती धड असेपर्यंत दोघांचाही संसार धड.

माझा मालक जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवून म्हातारा झालेला. ही त्याची पहिली स्वतःची गाडी. रोज सकाळी फडकं घेऊन पुसायचा, कोणी नुसतं टेकलं तरी खेकसायचा. पण कुलंटचं नाव काढलं की हसायचा. "रंगवलेलं पाणी ते! आमचे ट्रक विहिरीचं पाणी पिऊन जग फिरले." असं म्हणून माझ्यात नळाचं पाणी ओतायचा.

त्याची सून विचारायची, "मामा, कुलंट बघितलंत का?"

"बघितलं गं, बघितलं."

सहा वर्षं हेच. त्या पाण्याने माझ्या पोटातली नळी कुरतडली. मला कळत होतं, पण मुक्याने ओरडायचं कसं?

सून मधमाश्या पाळायची. दोन पेट्यांपासून सुरुवात करून तिने चोवीस पेट्या केल्या होत्या. नवरा दूर नोकरीला, तेव्हा हिंमत तिची एकटीची. फुलांचा हंगाम आला की पेट्या ट्रेलरवर चढवून, गाडीला जोडून, घाटावरच्या बागेत न्यायच्या. पेट्यांची तोंडं बंद करून उन्हं चढायच्या आत पोहोचायचं, हा नियम. बंद पेटीत माश्या गरमीने घाबरतात, पंख मारून मारून आणखी तापतात आणि तासाभरात ढीग होऊन पडतात. वाटेतच उघडावी तर उडून भरकटतात.

त्या दिवशी दोर बांधण्यातच उशीर झाला. घाटाच्या पायथ्याशीच ऊन डोक्यावर आलं. मागे ट्रेलरचं ओझं, पुढे चढ. गियरबॉक्सचं तेल उकळल्यासारखं माझ्या पोटात आलं आणि नळीला भोक पडलं.

चालत्या गाडीत तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल पाण्यात घुसलं. त्याचा चिकट फेस माझ्या बारीक नळ्यांत अडकला. तापाचा काटा वर सरकायला लागला.

"थांबव, थांबव! गार होऊ दे," म्हातारा म्हणाला.

सुनेने गाडी बाजूला घेऊन बंद केली. तिथेच घात झाला. कारण गाडी बंद झाली की तेलाचा पंप थांबतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब तसाच राहतो. आता पाणी तेलात घुसायला लागलं. पाणी मिसळलेल्या तेलावर गियरबॉक्स किती दिवस काढणार? दिवस कसले, मैल मोजायचे!

काटा उतरला की निघायचं, चढला की थांबायचं, असं तीनदा झालं. चालताना इंजिन मरत होतं, थांबल्यावर गियरबॉक्स मरत होता. तिसऱ्यांदा निघाल्यावर तर इंजिन नुसतं गुरगुरलं आणि गाडी जागची हलेना. मग कशीबशी शंभर पावलं गेली आणि सुनेने ती एका वळणावर उभी केली. झाड नाही, सावली नाही.

मागून पेट्यांचा आवाज वाढला होता. सून पळत गेली, पेटीला कान लावला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

म्हातारा बॉनेट उघडून पाण्याचा कॅन घेऊन आला. होता तेवढा एकच कॅन.

"मामा, ते पाणी पेट्यांना लागेल."

"अगं, गाडीच चालली नाही तर पेट्या नेणार कशा?"

"आणि पेट्यांत काही उरलं नाही तर गाडी काय नेणार?"

तिने कॅन हिसकावून घेतला. सासऱ्याच्या हातून काही हिसकावून घ्यायची तिची ही पहिलीच वेळ असणार. पोती भिजवून तिने पेट्यांवर टाकली. मग मला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत डोकावली. आत तपकिरी, सायीसारखा जाड फेस. तिने गॅरेजच्या मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

मिस्त्रीने ऐकून घेतलं. "वहिनी, रेडिएटरच्या आत तेलाची नळी फुटलीये. तेलाचे दोन्ही पाइप रेडिएटरपासून सोडवा आणि एकमेकांना जोडून टाका. मग मिसळणार नाही."

"मग बागेपर्यंत जाईल? चार किलोमीटर राहिलेत."

"ट्रेलर सोडला तर जाईल. ट्रेलरसकट गेलात तर बिनथंडाव्याचं तेल जळणार. गियरबॉक्स गेलाच म्हणून समजा."

सुनेने फोन सासऱ्यापुढे धरला. गाडी म्हाताऱ्याची होती.

म्हातारा फोनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "रेडिएटरमध्ये तेल असतं?" त्याने हळूच विचारलं.

"असतं मामा. म्हणून तर कुलंट लागतं, आत गंजू नये म्हणून. तुम्ही घालत होता ना?"

"नाही गं," म्हातारा म्हणाला. "एकदाही नाही."

मला वाटलं, आता ही बोलेल. बोलायचा हक्क होता तिचा! पण मागून तो आवाज येत होता आणि वेळ नव्हता.

म्हाताऱ्याने पाना काढला. गरम तेलाने त्याची बोटं भाजली, तरी हात मागे घेतला नाही. दोन्ही पाइप सोडवले, हत्यारांच्या डब्यातला लोखंडी नळीचा तुकडा मध्ये घालून जोडले. माझी उघडी तोंडं लाकडाच्या खुंट्या ठोकून बंद केली.

"ट्रेलर सोडू या का, मामा?" सुनेने विचारलं.

"बस. मी चालवतो," तो म्हणाला. "गियरबॉक्स जायचाच, तर माझ्या हाताने जाऊ दे."

ते चार किलोमीटर मी जन्मात विसरणार नाही. इंजिनाचा ताप मी जमेल तसा ओढत होतो. पण शेजारी गियरबॉक्स जळत होता आणि त्याचं थेंबभर तेलही माझ्यापर्यंत येत नव्हतं. सहा वर्षं ज्याला सांभाळलं, त्याचा करपट वास माझ्या जाळीत भरला आणि मी नुसता बघत राहिलो. काय करणार होतो मी? बागेचं फाटक आलं. गाडी आत शिरली, एक धक्का बसला आणि पुन्हा हलली नाही.

दोघांनी धावत पेट्यांची तोंडं उघडली. दोन पेट्या गेल्या होत्या. बावीस पेट्यांतून माश्या बाहेर पडल्या, दाराशी ओळीने बसून वारा घालू लागल्या. सून खाली मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. म्हातारा फाटकापाशीच उभा राहिला. जवळ यायचं धाडस त्याला होईना.

आता मी मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या भंगारात आहे. पलीकडे दोन पावलांवर गियरबॉक्स आहे, काळा पडलेला. मिस्त्रीने माझी खालची टाकी कापून उघडी केली आहे. काल म्हातारा आला होता. त्याने आतली नळी शोधली, तिच्यावरून भाजलेलं बोट फिरवलं. भोक मोहरीएवढं.

"चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलं," तो मिस्त्रीला म्हणाला, "म्हणून आत काय असतं ते विचारायची लाज वाटली."

मिस्त्रीने चहा पुढे केला.

वाचणाऱ्यांनो, मला कुलंट घाला असं सांगायची वेळ माझ्यापुरती टळून गेली. तुमच्या गाडीत जो रेडिएटर बसलाय त्याला घाला. आणि जे येत नाही ते विचारा. लाजेने कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. बाकी मागणं एकच. भंगारवाला येईल तेव्हा त्या गियरबॉक्सला आणि मला एकाच फेरीत न्या. मला त्याची माफी मागायची आहे.